पवार सिस्टर घरी आल्या, त्याची गोष्ट

मागच्या रविवारी भर दुपारी आमच्या दारात एक स्कूटी थांबली. बघतो तर पवार सिस्टर... माझ्या बायकोच्या वॉर्डच्या इन्चार्ज. सुट्टीच्या दिवशी, एवढ्या उन्हात! (सुनीताला विचारूनच हे लिहितोय.)

सुनीता मलकापूरला एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. त्या आठवड्यात तिच्या हातून एका आजोबांना शेजारच्या पेशंटचं इंजेक्शन दिलं गेलं... दोघांचं आडनाव एकच. आजोबांना त्या औषधाची ॲलर्जी होती. श्वास अडकला, आयसीयूत न्यावं लागलं.

चूक सगळ्यात आधी तिच्याच लक्षात आली. तिनंच ओरडून डॉक्टरांना बोलावलं, आजोबा वाचले. पण घरी आल्यापासून तिचं एकच... "मी नोकरी सोडणार."

मी फौजेतून रिटायर झालेला माणूस. "होतं असं, विसरून जा," एवढंच मला सुचायचं. त्यावर ती उठून आत निघून जायची.

सिस्टर थेट स्वयंपाकघरात गेल्या. सुनीता मेथी निवडत बसली होती, त्यांनी समोर बसून अर्धी जुडी आपल्याकडं ओढली. बराच वेळ दोघी नुसत्या मेथीच निवडत होत्या...

मग म्हणाल्या, "आजोबा वॉर्डात आलेत गं. चहात साखर कमी हाय म्हणून लय भांडत्यात." तेव्हा कुठं सुनीता रडली. पोटभर रडली.

तुझी काहीच चूक नाही, असलं काही त्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या हातनं झालं, खरं हाय. पण एका आडनावाचे दोन पेशंट शेजारी-शेजारी आपणच ठेवलेले. ते आता बदललंय. सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊ नकोस. उद्या माझ्याबरोबर ड्युटीला ये, पहिलं इंजेक्शन देताना मी शेजारी उभी राहते."

"आणि आजोबांच्या घरचे?" सुनीतानं विचारलं.

"त्यांना मी झालंय ते सगळं सांगितलंय. तुला भेटायचं असलं तर दोघी जाऊ."

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर दोघी आजोबांकडं गेल्या. आजोबांचा मुलगा खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचं तरी काय चुकलं? बाप जाता जाता वाचला होता त्याचा...

आजोबांनी मात्र विचारलं, "पोरी, गाव कंचं तुजं?" सिस्टरांनी सुनीताचा हात घट्ट धरला होता, तिला सांगता येईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी तिला आणायला गेलो. गाडीवर मागं बसता बसता म्हणाली, "उद्या सकाळची ड्युटी आहे, लवकर उठवा मला."

पलटणीत जखमी गड्याला मागं टाकून कुणी पुढं जात नाही. माझ्याच घरातली जखम मला नीट दिसली नव्हती... पवार सिस्टरांना दिसली, आणि त्या आल्या.

सिस्टर, आयुष्यात लय साहेबांना सॅल्यूट केले. हा मात्र मनापासून.