बिलाबाहेरचा चार्ज

सिल्वासाच्या पोलीस ठाण्यात असताना हाताळलेलं एक प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तपास अर्ध्या दिवसात संपला होता. तरी ते आठवलं की मी खुर्चीतून उठतो आणि उगाच येरझाऱ्या घालतो.

सकाळी किलवणी रस्त्यावरचा इलेक्ट्रिक सामानाचा एक गुजराती दुकानदार तरातरा ठाण्यात आला. एका कामगाराने त्याचं कार्ड स्वाइप करायचं मशीन आपटून फोडलं होतं. हवालदाराने कामगाराला आणलं. तिशीचा, खानदेशातल्या शिरपूरकडचा, धाग्याच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. मशीन मीच फोडलं, असं त्याने लगेच कबूल केलं. झालं, मला वाटलं, काम आटोपलं! फिर्याद लिहायला सांगितली आणि शिरस्त्याप्रमाणे ठेकेदाराला फोन लावून विचारलं, हा माणूस तुमचाच ना?

तेवढ्यात चहावाल्या मावशी कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "साहेब, मी तिथंच होते. हा बिचारा कधीचा कागद मागत होता. दुकानदाराने हाकललं, मग याचं डोकं फिरलं."

कसला कागद? त्याला समोर बसवलं. आधी तो बोलेचना. पाणी दिलं, आवाज खाली आणला. दरडावण्यापेक्षा थोडं थांबलं की माणूस बोलतो, हा माझा अनुभव.

"खोलीत आम्ही आठ जण, साहेब, एकाच गावचे. कार्ड फक्त माझं चालतं. सामान मी घेतो, बाकीचे मले रोख देतात, बिलात असेल तेवढे. पण माझ्या खात्यातून त्याहून जास्त जातात. ते वरचे मागितले तर खोलीवाले म्हणतात, तू आमचे पैसे खातो. माझ्या बापाला फोन केला त्यांनी. तुमचा पोरगा चोर शे म्हणे." त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "दुकानदारले म्हटलं, चार्ज घेतो तर बिलात लिहून दे. तो म्हणे, ते लिहीत नसतात."

दुकानदार ठाण्यातच बसला होता. दुकानात त्याचा भाऊ आणि दुसरं मशीन होतं. मी एका महिला शिपायाला साध्या कपड्यांत तिकडे पाठवलं. ती तिच्या डेबिट कार्डावर सामान घेऊन आली. बिल पाचशेचं, मशीनची स्लिप पाचशे पंधराची. मी दोन्ही कागद दुकानदारापुढे टाकले.

"अहो साहेब, बँक आमचे कापते, ते आम्ही गिऱ्हाइकाकडून घेतो. सगळेच घेतात ने!"

त्याच्यासमोरच बँकेत फोन लावला. तिकडून स्वच्छ उत्तर आलं. डेबिट कार्डाचा हा खर्च दुकानदाराने सोसायचा, गिऱ्हाइकावर टाकायचा नाही, असं करारातच आहे. दुकानदाराचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर मीही चपापलो. सिल्वासातच फ्रिज घेताना मी असाच चार्ज बिनबोभाट भरला होता.

मशीन फोडणं चूकच, हे मी कामगाराला खडसावून सांगितलं. दुकानदाराने तक्रार मागे घेतली, जादा घेतलेले पैसे परत केले आणि कोणत्या खरेदीवर किती जादा घेतले ते सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. बँकेला मी वेगळं पत्र धाडलं.

मग ठेकेदाराला फोन केला, तुमच्या माणसावर काही नाही म्हणून. तो म्हणाला, "साहेब, सकाळी तुमचा फोन आला तेव्हाच त्याचा गेटपास काढून घेतला. पोलिसांच्या भानगडीतला माणूस कंपनी ठेवत नाही. जागा पण भरली." मी चिडलो, समजावलं, शेवटी विनवलंसुद्धा. छे! तो बधला नाही.

बाहेर येऊन कामगाराला हे सांगताना मला त्याच्याकडे बघवेना. त्याने हात पुढे केला. "काम दुसरं मिळंल, साहेब. तो कागद द्या. बापाले फोटो पाठवतो."

कबुली मिळाली म्हणजे प्रकरण कळलं, असं मी त्यानंतर कधी धरलं नाही. आधी माणसाला 'का' विचारायचं, फोन नंतर. चूक माझी होती आणि शिकलोही मीच. नोकरी मात्र त्याची गेली.