थोरलीच्या कुशीतलं बाळ

मावशीला वानरांची भाषा येते, असं आमच्या घरी सगळे म्हणतात. मावशी म्हणते, "भाषा कसली डोंबलाची! रुसवे कळतात त्यांचे, बस." प्राणिसंग्रहालयात चिंपांझी सांभाळण्यात तिची बावीस वर्षं गेली. लग्न केलं नाही. मी तान्ही असताना आई आजारी पडली, तेव्हा चार वर्षं मला मावशीनंच वाढवलं आणि आई बरी झाल्यावर परत दिलं. यावर ती अवाक्षर बोलत नाही.

गेल्या महिन्यात तिथली धाकटी चिंपांझी बाळंत झाली. तिथल्या सगळ्या माद्या एकमेकींची पोरं सांभाळतात, पण भूक लागली की जिचं तिला परत देतात. या खेपेला कळपातल्या थोरलीनं बाळ घेतलं ते घेतलंच. तिला स्वतःचं कधी झालं नव्हतं. धाकटी बिचारी समोर हात पसरून बसलेली. थोरलीपुढे बोलायची तिची काय बिशाद? रात्रभर बाळाच्या पोटात दुधाचा थेंब नाही.

डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत बघू. मग थोरलीला भूल देऊन बाळ काढून घेऊ."

"आणि भूल चढताना ती घाबरून वर चढली आणि बाळासकट कोसळली तर?" मावशी म्हणाली.

मी डबा द्यायला गेले होते, म्हणून पुढचं पाहिलं. मावशी जाळीशी फतकल मारून बसली, हात पुढे केला. "दे." हा दोघींचा जुना खेळ. थोरलीनं काहीतरी द्यायचं, बदल्यात द्राक्ष घ्यायचं. तिनं काठी दिली. मग गोणपाट. मग मावशीचाच दोन वर्षांपूर्वी हरवलेला हातमोजा.

"चोरटी मेली," मावशी पुटपुटली.

होतं नव्हतं ते सगळं देऊन झालं. बाळ मात्र छातीशी तसंच.

द्राक्षं संपली. मावशीनं रिकामा हात धाकटीकडे वळवला आणि थोरलीला म्हणाली, "तुला सोडवत नाही, मला ठाऊक आहे गं बाई. पण दूध तिच्याकडे आहे."

थोरलीनं बाळाकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं. मग उठली आणि धाकटीला खेटून बसली. बाळ चुळबुळत आईला पिऊ लागलं. थोरलीनं त्याचं एक पाऊल तेवढं मुठीत धरून ठेवलं.

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "मला नाही सुचलं बघ तेव्हा," ती म्हणाली. "मी आपली तुला सगळीच देऊन मोकळी झाले."

मी डबा उघडला आणि तिला खेटून बसले.