बैलांची नावं आणि नवऱ्याचं नाव

"त्याला सोडा आधी! बैल आमचेच हायेत!"

पाटोद्याच्या ठाण्याच्या दारात एक बाई ओरडत होती. निजामाच्या अमलात मी तिथे अमीन होतो, म्हणजे ठाण्याचा मुख्य. तेव्हा मी पाटोद्यात खाकरलो, तर मांजरसुंब्याच्या घाटातले चोर खाली बसत. त्या बाईपुढे मात्र माझं काही चाललं नाही. नोकरीतलं पुष्कळ विसरलो, तिचं ओरडणं विसरता आलं नाही.

मानमोडीच्या तापाची साथ नुकतीच ओसरली होती. निम्मे जवान घरी कण्हत होते, उरलेले उभ्याउभ्या झोपत. अशात खबऱ्याने बातमी आणली: बाजारात एक परका माणूस बैलजोडी धरून बसलाय. विकत नाही, कुणाची ते सांगतही नाही. बैलचोर म्हणून त्याला हवालातीत टाकला आणि बैल मागच्या कोंडवाड्यात.

"नाव काय बे तुझं?"

"म्हाईत न्हाई, सरकार."

"गाव?"

"आठवत न्हाई."

असली सोंगं मी रोज न्याहारीला खात असे. आधी दम दिला, मग तंबाखू दिली. ज्वारी कधी पेरायची, बैलाची खोड कशी ओळखायची, सगळं तो नीट सांगे. 'तू कोण' म्हटलं, की स्वतःचाच हात परक्याचा असल्यासारखा न्याहाळी. सोंगाड्याला घाम फुटतो. हा नुसता दमलेला दिसे. तरी सकाळी त्याला चोरीच्या आरोपाखाली बीडला रवाना करणार होतो.

तेवढ्यात ही बाई आली, चकलांब्याहून पायी, गावोगाव बैलजोडीची चौकशी करत. म्हणाली, तो माझा नवरा.

"नाव सांग त्याचं."

तिने पदर पुढे ओढला. "मालकाचं नाव मी कशी घेऊ, साहेब?"

जमादार हसला. "त्याला सोताचं नाव येईना, हिला घेता येईना. टोळीच हाय. हिलाबी आत घ्या."

मलाही तसंच वाटलं. म्हटलं, "बरं, बैलांची तरी नावं येतात का?"

"हरण्या... मोत्या..." तिने दारातूनच हाक दिली. आल्यापासून कडब्याला तोंड न लावलेले ते बैल असे हंबरले, की ठाण्याची कौलं हलली. एकाने खुंटच उपटला.

जमादाराचं हसू गेलं. चोरीचं मिटलं. पण माणूस ताब्यात द्यायचा तर जबानीत नाव हवंच. शेवटी ती गजांपाशी गेली आणि चार पुरुषांदेखत तिने नवऱ्याचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

त्याने ऐकून घेतलं. "चांगलं हाय नाव," तो म्हणाला. "कुणाचं?"

तिला बाहेर ओट्यावर बसवून विचारलं, हा असा कधीपासून. मानमोडीत तिची तिन्ही लेकरं गेली होती. बापानेच एकेकाला गाडीत घालून नदीकडे नेलं. "तिसऱ्या खेपेवरनं येताना गाडी वढ्यापाशी रिकामीच उभी सापडली," ती म्हणाली. "बैल न्हाईत, आन् हे बी न्हाईत."

सारी नोकरी मी लोकांकडून आठवणी वदवून घेण्यात घालवली. गोंजारून, दरडावून, कसंही. जगण्यासाठी माणसाला स्वतःलाच टाकून द्यावं लागतं, हे कायद्याच्या कुठल्याच किताबात नव्हतं.

निघताना तिने कासरा त्याच्या हातात दिला. तो मुकाट बैलांपुढे चालू लागला. मी तिला हळूच विचारलं, "लेकरांचं सांगू का त्याला? ऐकून आठवेलही सगळं."

"नका सांगू," ती म्हणाली. "रडाया मी हाय."