पट्टा

मोडनिंबजवळच्या माळावर कुत्र्यांच्या शर्यती असल्या की तो माणूस दिसायचाच. शर्यतीत मालक शेवटच्या रेषेपलीकडं उभा राहून आपल्या कुत्र्याला हाका मारतो. हाही आमच्या रांगेत उभा राहायचा, हातात रिकामा पट्टा घेऊन. त्याचं कुत्रं मागच्या वर्षी इथंच पळताना ऊर फुटून मेलं, असं लोक सांगायचे. तरी तो शीळ घालायचा, खाली वाकायचा आणि हवेतच पट्टा अडकवायचा. मला त्याचा रागच यायचा.

तीनदा हरलेला माझा राजा गेल्या महिन्यात पहिला आला. गुलाल उधळला. मी राजाला उचलून घेतलं, तेवढ्यात तो माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नका. तुमचा दुसरा आला की. लई जवळ हुता."

मी ते हसण्यावारी नेलं.

पण त्या दिवसापासून राजा दूध-भाकरीच्या ताटलीपाशी येतो आणि दोन पावलं मागंच बसून राहतो. आधी कुणाचं तरी खाऊन व्हायची वाट बघावी, तसा. बऱ्याच वेळानं उठतो.

कालपासून मी दोन ताटल्या मांडतोय.