बारी तिचीच हाय

डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढायची, कंदील जवळ धरायचा आणि अख्ख्या विहाराला ऐकू जाईल असं म्हणायचं, “पांढरंशुभ्र हाय. वाच आता.” ही आमची मावशी. नात्यानं माझी कुणी नाही, पण घोटावड्याच्या आमच्या बौद्धवस्तीत तिला मावशी न म्हणणारं माणूस नव्हतं. अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेलच, जिला नाही म्हणायची सोय नसते.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. पुण्यात काविळीची साथ आली आणि आमचं वसतिगृह रिकामं केलं. माझ्या खोलीतली मुलगी दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. मी धडधाकट घरी आले, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. दिवसभर आरशात डोळ्यांचं पांढरं तपासत बसायचे. पुस्तक उघडलं की छातीत धडधडायचं. वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, आणि आईला सांगून मोकळी झाले की आता परत जायची नाही. आईनं डोळ्याला पदर लावला. शेजारीपाजारी म्हणाले, जास्त शिकून असंच होतं.

मावशी भातलावणीवरून आली ती चिखलाच्या पायांनी थेट आमच्या दारात. वर्षावास चालू होता. पावसाळ्याच्या या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचायचा आणि ज्याचा आठवडा त्यानंच वाचायचा, हा वस्तीचा नियम. येणारा आठवडा मला न विचारता तिनं माझ्या नावावर लावून टाकला होता.

पहिल्या संध्याकाळी मी ग्रंथ उघडला आणि रडायलाच लागले. माणसं अवघडली. एक म्हातारे म्हणाले, दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या. मावशी जागची हलली नाही.

“बारी तिचीच हाय. पोरीला येळ लागंल. बसा समदी.”

आणि काय सांगू, सगळी वस्ती बसली! दिवसभर वाकून कंबरडं मोडलेली माणसं, घरी चुली थंड, पण कुणी उठलं नाही. मी कशाबशा चार ओळी वाचल्या. आजही आठवलं की या माणसांचा अभिमान वाटतो.

आमचा आरसा मावशीनं स्वतःच्या घरी नेऊन ठेवला. डोळे मी बघीन, म्हणाली. वडलांची दाढी मग कित्येक दिवस तिच्या ओट्यावर व्हायची. आठवडा संपल्यावर नियमही ती सोयीस्करपणे विसरली, आणि मी वाचतच राहिले. एकदा धीर करून तिला म्हटलं, मला मरायची भीती वाटते.

“मलाबी वाटतीया. म्हनून काय लावणी थांबती व्हय?”

त्या रात्री मला गाढ झोप लागली. वसतिगृह उघडलं तेव्हा माझी ट्रंक मीच उचलली.

एप्रिलात परीक्षा दिली. मे महिन्यात मावशी गेली. ऊन बाधलं म्हणाले.

जूनमध्ये निकाल लागला त्याच दिवशी मी एस.टी.नं गावी आले. पहिल्या घरी पेढा दिला, दुसऱ्या घरी दिला, नवल कुणालाच नाही. सगळे म्हणाले, आम्हाला ठाऊक हाय की. निकाल तर सकाळीच लागलेला. मी आईला विचारलं, हे कसं?

आई म्हणाली, “जायच्या आदी मावशी दारोदार सांगून गेली. पोरगी पास झाली म्हनली.”