चाचांची हिमनदी

"बाई, ह्याच्या पलीकडे काय असेल?" असं विचारताना चाचा मान पुढे काढून टाचा उचलत, जणू पलीकडचं तिथूनच दिसणार होतं.

चाचा रत्नागिरीत आमचे शेजारी, मूळ पूर्णगडचे. सारी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. मी शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून त्यांचे प्रश्न माझ्या वाट्याला. एकदा अलास्काला जहाज लागलं असताना त्यांनी समुद्रात उतरलेली हिमनदी पाहिली होती. "मी तिचं शेपूट बघितलंय. आता ती येते कुठून, ते बघायचंय," ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर, दोन हजार तीनच्या सुमारास, त्यांनी ते खरंच मनावर घेतलं. कॅनडातला भाचा आणि त्याचा डोंगर चढणारा मित्र सोबत येणार होते.

आमचे रविवार नेटकॅफेत जाऊ लागले. एकेक चित्र उघडेपर्यंत चाचा चहा पिऊन येत. हिमनदी उगम पावते तिथवर रस्ताच नव्हता. छोटं विमान तळ्यावर उतरणार, माणसं सोडणार आणि ठरल्या दिवशी न्यायला येणार. मधे ना गाव, ना माणूस. बर्फातल्या खोल भेगांबद्दल वाचून चाचांनी बर्फावर पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. हिमनदीच्या काठाकाठाने जायचं आणि शेवटची खडकाळ धार हातापायांनी चढायची. सरावासाठी ते पाठीवर तांदूळ बांधून पूर्णगडच्या किनाऱ्यावरचे खडक चढत. होडीवाले ओरडून विचारत, "चाचा, काय हरवलं काय?"

चाचींनी एकदाच विचारलं, "विमान आलंच नाय तर?"

दुसऱ्या दिवशी चाचा मला म्हणाले, "बाई, तिचा प्रश्न माझ्यापेक्षा मोठा आहे." मग त्यांनी चालायचं अंतर कमी केलं, शिधा वाढवला, उपग्रहावरून चालणारा फोन भाड्याने घ्यायला लावला. चाचींनी सुकटीची चटणी बांधून दिली. वासाने अस्वलं येतील, असं भाच्याने कळवलं. "येऊ देत, त्यांनाही कळू दे चव," चाची म्हणाल्या, आणि चटणी काढून लाडू भरले.

ऑगस्टमध्ये ते निघाले. परतीच्या दिवशी निरोप आला, धुकं आहे, विमान उडत नाही. त्यानंतर तो फोनही लागेना. चाची आमच्याकडे येऊन तांदूळ निवडत बसायच्या. निवडलेले पुन्हा निवडायच्या. "तिथं आता उजाडलं असेल ना?" एवढंच विचारायच्या.

अखेर चाचींकडे फोन वाजला. चाचींनी आधी पोटभर झापलं, पदराने डोळे पुसले आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "मग? काय होतं पलीकडे?"

चाचांचं हसणं मला दारापर्यंत ऐकू आलं. "अगो, आणखी डोंगर! सगळा बर्फच! त्याच्याही पलीकडे काय, ते दिसेना!"

चाचांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांनी तिकडून आणलेला करडा दगड चाची लोणच्याच्या फोडींवर दडपण म्हणून ठेवतात. परवा तो धुताना त्यांनी त्याच्यावरच्या सरळ ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"बाई, बर्फाला एवढं ओरबाडायला किती वर्षं लागली असतील?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर दगड उलटा करून त्या दुसरी बाजू बघू लागल्या होत्या.