"स्टार्ट तर होते ना, मग सांगताय कशाला?"

गुरुवारी अंधेरीच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मला एक सल्ला मिळाला. तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितोय.

माझ्याकडे एक जुनी इटालियन स्पोर्ट बाईक आहे. लाल, दोन सिलिंडरची, वीस वर्षांची. तिचे नखरे मला पाठ आहेत... बेल्ट वेळेवर बदलायचे, बॅटरी चार्जरला लावून ठेवायची, ट्रॅफिकमध्ये तापली की मुकाट्याने बाजूला थांबायचं. तक्रार नाही. हौसेने पत्करलंय.

पण दिवाळीनंतर ती चालता चालता बंद पडायला लागली. डिस्प्लेसकट सगळा अंधार... आणि दोन मिनिटांनी बटण दाबलं की पुन्हा चालू.

महिन्यापूर्वी विक्रोळीजवळ हायवेवर लेन बदलताना अशीच बंद पडली. मागे मुक्ता बसली होती, माझी चौदा वर्षांची मुलगी. मागचा टेम्पो हॉर्न मारत आमच्या इतक्या जवळून गेला की त्याचा वारा पायाला लागला. घरी येताच मुक्ताने आपलं हेल्मेट कपाटावर टाकून दिलं.

बायकोने, वैदेहीने, आवाजही चढवला नाही. "एक महिना देते. काय बिघडलंय ते नक्की सापडलं तर ठीक, नाहीतर गाडी विकायची." तिचं बरोबरच होतं.

सर्व्हिस सेंटरने गाडी तीन आठवडे ठेवून घेतली. गुरुवारी तिथले साहेब म्हणाले, "स्कॅनर काहीच फॉल्ट दाखवत नाही सर. म्हणजे ईसीयू, गाडीचा कॉम्प्युटरच, गेला असणार." काही सापडत नाही, म्हणून सगळ्यात महागडा पार्ट गेला... हे कुठलं लॉजिक? तीन आठवड्यांत गाडी किती वेळा रस्त्यावर काढली, विचारलं. एकदाही नाही. स्टँडवर चालू करून बघत होते म्हणे!

मी वैतागून म्हटलं, मग विकूनच टाकतो, रविवारी दहिसरहून एक जण बघायला येणार आहे. त्यावर हा गृहस्थ शांतपणे म्हणतो, "मग त्याला कशाला सांगताय सर? स्टार्ट तर एका झटक्यात होते ना."

म्हणजे उद्या त्या माणसाच्या मागे त्याचं कोणीतरी बसणार... आणि मी गप्प राहायचं? दोन चाकांवर माणसं बसतात, हे या लोकांना रोज दिसत नाही का?

खरं सांगू? ते ऐकताना एक क्षण मला ते सोयीचं वाटलं होतं. क्षणभरच. पण वाटलं... आणि बहुतेक म्हणूनच मी काउंटरवर इतका ओरडलो. घरी येऊन रिव्ह्यूत एक स्टार दिला. वर ठोकूनही दिलं की मागच्या सर्व्हिसला तुमच्याच माणसांनी वायरिंगची वाट लावली असणार.

शनिवारी शेवटचा प्रयत्न म्हणून गाडी टेम्पोत घालून ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात नेली. ऑफिसातल्या मित्राचे काका, दामू नाखवा, तिथे बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "इटलीची हय? असूंदे. कवा बंद परते गारी?"

कधी बंद पडते... तीन आठवड्यांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. लेन बदलताना, सोसायटीच्या गेटवर वळताना... आणि सांगता सांगता माझं मलाच कळलं, दर वेळी वळतानाच.

नाखवांनी गाडी चालू केली आणि हँडल डावीकडे वळवलं. बंद. सरळ केलं, डिस्प्ले उजळला. पुन्हा डावीकडे. अंधार.

टाकी उचलली. चावीकडून येणारा वायरींचा जुडगा फ्रेमला काळ्या केबल टायने बांधलेला होता. घट्ट, सारख्या अंतरावर, टोकं छान कापलेली. नाखवा हसायलाच लागले. "कंच्या शान्यानं बांधल्या या?"

मी.

दर खंडेनवमीला पूजेआधी मी गाडी स्वतःच्या हाताने उघडून साफ करतो. या वेळी वायरी फार अस्ताव्यस्त वाटल्या, म्हणून एका ओळीत बसवल्या. फोटोही इथेच टाकला होता... तुम्ही सगळ्यांनी 'झकास' म्हटलंत. पण बांधताना हँडल सरळ होतं. वळायला वायरीला जागाच ठेवली नव्हती. प्रत्येक वळणाला ओढ बसून आतली तांब्याची तार तुटली आणि वरचं प्लास्टिक साबूत राहिलं.

नाखवांनी तार जोडली, वायरीला सैल वळसा दिला आणि माझ्या केबल टायऐवजी जाळ्याचा निळा दोरा बांधला. "ढील ठेवाची रं. वळाची हय ना तिला?"

घरी येऊन वैदेहीला सगळं सांगितलं. मुक्तासमोरच. मुक्ता म्हणाली, "म्हणजे बाबा, तूच केलंस?" हो म्हटलं. ती म्हणाली, "मग वळवून दाखव." पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून मी हँडल डावी-उजवीकडे वळवत राहिलो, ती पुरे म्हणेपर्यंत.

दहिसरच्या माणसाला फोन करून गाडी विकत नाही म्हणून सांगितलं, कारणासकट. सर्व्हिस सेंटरच्या रिव्ह्यूतून वायरिंगचा आरोप काढला, माफी मागितली. एक स्टार मात्र तसाच ठेवलाय आणि तो सल्ला शब्दशः लिहिलाय. तार मी तोडली, पण गप्प बसायला मी सांगितलं नव्हतं.

दामू नाखवा, तुम्ही आधी विचारलंत, मग हात लावलात. फार फार आभार.

गाडी दुरुस्त आहे. मुक्ताचं हेल्मेट अजून कपाटावरच आहे... आणि मी तिला 'येतेस?' असं विचारलेलं नाही.